चंदेरीच्या सुळक्यावर दोर कुणी धरला?

आधीच सांगून टाकतो, मी भुताखेतांवाला माणूस नाही. अंबरनाथ एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतंच, आणि ते सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. म्हणूनच हे प्रकरण डोक्यातून जात नाहीये... अक्षरशः वैताग आलाय.

बदलापूरजवळचा चंदेरी मी बऱ्याचदा चढलोय. खालची घळ नुसत्या सुट्या दगडांची आणि वरचा सुळका म्हणजे उभा कातळ. पाय चुकला तर विषय संपला. गेल्या थंडीत माझा मेहुणा नीलेश मागे लागला. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये त्याचं जीन्स शिवायचं वर्कशॉप आहे. दिवसभर बसून काम, पण लग्नाआधी एकदा चंदेरी करायचाच म्हणे! बदलापुरातल्या आमच्या मांजर्लीच्या घरातून निघताना बायकोने बजावलं, "अहो, पुढच्या महिन्यात हळद लागायचीय त्याला. जसा नेताय तसा परत आणा."

सुळक्यावर वारा सुटला की हाक ऐकू जात नाही. म्हणून आमच्या ट्रेकिंग ग्रुपची जुनी पद्धत आहे – दोराने बोलायचं. खालच्याने एक झटका दिला तर 'थांब', दोन दिले तर 'बांधलाय, ओढ'. बिल्डिंगच्या जिन्यात दोर सोडून मी हे नीलेशकडून घोटून घेतलं होतं.

सकाळचं लख्ख ऊन होतं. मी आधी वर गेलो, दोर पक्का केला आणि खाली सोडला. मधे कातळाचा फुगवटा असल्यामुळे नीलेश दिसत नव्हता. दोराला एक झटका आला. थांबलो. थोड्या वेळाने हळूच ओढून पाहिला – खालून घट्ट धरलेला, आणि पुन्हा एकच झटका. मला वाटलं, पठ्ठ्या रील काढत बसलाय! मी ओढायचो, खालून 'थांब' यायचं. शेवटी माझं डोकं सटकलं. तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या.

तेवढ्यात शेजारचा एक मोठा दगड निखळला. त्याच्यामागे आणखी... धडधडत थेट चढायच्या वाटेवरून खाली गेले. हातातला दोर एकदम सैल पडला. घरी जाऊन बायकोला काय सांगू, एवढंच सुचत होतं.

मग वारा जरा पडला आणि खालून आवाज आला, "दाजी! ठीक हो ना? अहो, दोर टाका ना! कबसे खडा हूं इधर!"

नीलेश कड्याखाली आडोशाला उभा होता, खरचटलंसुद्धा नव्हतं. आणि दोर त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता! मी उतरताना पाहिलं – माझा अंदाज चुकला होता, दोर आखूड पडला होता. टोक त्याच्या डोक्यावर दोन पुरुष उंच, कोऱ्या कातळावर लोंबत होतं. शेवटचा टप्पा मी दोराशिवाय, जीव मुठीत धरून उतरलो आणि दोघं घरी आलो.

ते झटके आले नसते तर दोर पोचला नाही हे ओळखून मी तो लगेच वर घेतला असता, वाढवून पुन्हा सोडला असता. आणि दगड सुटले तेव्हा नीलेश नेमका त्या वाटेवर असता.

ग्रुपमधले म्हणतात, वाऱ्याने हलला असेल. अरे, वारा दोर धरून ठेवतो का? म्हणे झुडपात अडकला असेल. तिथे गवताची काडी नाही! मी परत जाऊन तसाच दोर सोडून बसलो. नुसता फडफडला. बायकोने नारळ फोडला, तिच्यापुरता विषय मिटला. नीलेशचं लग्न झालं, तो हा किस्सा हसत सांगतो. कारण शोधत बसलोय तो मी एकटाच.

ते अजून सापडलेलं नाही. आणि एक गोष्ट राहून राहून खुपते... जो कोणी खाली होता, त्याला मी आईबहिणीवरून शिव्या घातल्या, आणि तरी दगड सुटेपर्यंत त्याने दोर सोडला नाही.