घरमालकांचे देव

देवभक्त मी पुण्यात ढिगाने पाहिलेत, पण देवासाठी आग पेटवताना शेजारी आग विझवायचं लाल नळकांडं ठेवणारा भक्त जगात एकच आहे, आणि तो जर्मनीत, गेर्लिंगेनमध्ये आमचा घरमालक आहे. एरवी त्यांना ‘तो’ म्हणायची माझी छाती नाही. ते निवृत्त लिफ्ट-इन्स्पेक्टर. आयुष्यभर लोकांच्या लिफ्टमध्ये उभं राहून कुठे काही कुरकुरतंय का हे ऐकलं, त्यामुळे चेहराही कायम कान दिल्यासारखा. या माणसाने ख्रिस्ती धर्म सोडलाय आणि हा हजार वर्षांपूर्वीचे जर्मन देव पुजतो, हे आम्हाला भाडेकरारावर सह्या झाल्यानंतर कळलं.

आपण पॅगन आहोत हे त्यांनी कचऱ्याच्या डब्यांचे नियम समजावता समजावता त्याच सुरात सांगितलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे या शब्दाचा मूळ अर्थ खेड्यातला माणूस. शहरं नव्या धर्मात गेली, खेडी आपल्या झाडांना, झऱ्यांना धरून बसली, म्हणून शहरवाल्यांनी त्यांना हिणवायला हे नाव ठेवलं. "आल्झो, म्हणजे तुम्हीसुद्धा पॅगनच की!" ते आनंदाने म्हणाले. "आम्ही पुण्याचे," मी ताठ होऊन सांगितलं, "आम्हाला खेड्यातलं कुणी म्हणत नाही." ते हसले नाहीत. त्यांना वाटलं, मी माहिती देतेय.

त्यांचा लाडका देव ढगांच्या गडगडाटाचा. पाऊस आला की ते बागेतल्या सफरचंदाच्या झाडाखाली त्याच्या नावाने ग्लासभर बिअर ओततात, आणि घरावर वीज जमिनीत उतरवणारी तार मात्र चोख बसवलेली. मी एकदा न राहवून विचारलं, "देव तुमचा, मग त्याच्या विजेपासून संरक्षण कशाला?" ते म्हणाले, "श्रद्धा वेगळी, विमा वेगळा." त्यांच्यासारखेच सात-आठ जण कार्ल्सरूहे, हायडेलबर्गहून येतात आणि डिसेंबरात सगळ्यात मोठ्या रात्रीच्या संध्याकाळी बागेत आग पेटवतात. त्याआधी राटहाऊसची, म्हणजे नगरपालिकेची, परवानगी येते आणि बादल्या भरल्या जातात. एका वर्षी एक पाहुणा आमच्याकडे बघून शुद्ध रक्त वगैरे बोलायला लागला. मालकांनी त्याचा कोट आणून त्याच्या हातात दिला. "आमचे देव पासपोर्ट बघत नाहीत," ते म्हणाले आणि फाटक उघडून उभे राहिले. त्या दिवसापासून मी त्यांच्या बिअरला नावं ठेवणं बंद केलं.

पण एक सल त्यांना होता. सगळं पुस्तकातून आलेलं. जुनी साखळी तुटली, मधली माणसं गेली, उरल्या त्या काही ओळी आणि अभ्यासकांचे अंदाज. दोन भिंती भरून पुस्तकं घरात, तरी ते म्हणत, "तुम्हाला आई सांगते. मला पुस्तक सांगतं, आणि तेही दर पाच वर्षांनी मत बदलतं."

माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा हा सल चांगलाच उघडा पडला. मालक रात्री देवांसाठी झाडाखाली पाव ठेवत आणि सकाळी हातमोजे घालून ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकत. उंदीर होतात म्हणून. सासूबाईंनी ते गॅलरीतून पाहिलं आणि तिथूनच हाक दिली, "अहो, देवापुढचं कुणी टाकतं का? खायचं असतं ते!" मी भाषांतर केलं. मालक डबा उघडा धरून उभेच. "हे कोणत्या पुस्तकात आहे?" त्यांनी विचारलं. "पुस्तकात कशाला असायला हवं?" सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडे असंच करतात." ते ‘आमच्याकडे’ त्यांच्या मनाला लागलं. इतक्या पुस्तकांत त्यांना ते कुठेच मिळालं नव्हतं. पाव मात्र ते खायला लागले, औषध घ्यावं तसा, उभ्याने.

गंमत म्हणजे त्यांची स्वतःची आई खालच्याच मजल्यावर राहत होती. वय नव्वदीला टेकलेलं, पक्की चर्चला जाणारी. दर रविवारी मालक तिला गाडीने चर्चला पोचवत आणि बाहेर गाडीतच बसून राहत. "आत ये की, गारठशील," ती म्हणे. "हीटर आहे," ते म्हणत. आणि डिसेंबरात ते तिला आगीला बोलावत, तेव्हा ती खिडकीचा पडदा ओढून घेई. तिने एकदा तरी बाहेर यावं एवढीच त्यांची इच्छा होती. वर्षानुवर्षं दोघंही हटली नाहीत.

गेल्याच्या गेल्या वर्षी ती आली. शाल गुंडाळून, काठी टेकत. "खिडकीतून बघवत नाही," ती म्हणाली. "लाकडं चुकीची रचतोस." घडीच्या खुर्चीवर बसून तिने ती पुन्हा रचून घेतली. आग धरली. मालक पुस्तक उघडून वाचणार, तोच ती म्हणाली, "थांब. आधी तिला खायला दे." ताटातल्या पावाचा तुकडा मोडून तिने आगीत टाकला. मालकांच्या हातातलं पुस्तक खाली आलं. "हे काय?"

"माझी आजी गावच्या भट्टीत कणकेचा पहिला गोळा आगीला द्यायची. मग आई द्यायची. मीही दिलाय."

"तू मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू कधी विचारलंस? तू कायम लायब्ररीत."

"पण का देतात?"

"का म्हणजे? आमच्याकडे असंच करतात." मग सगळ्यांकडे करड्या नजरेने बघून ती म्हणाली, "आणि रविवारी मी चर्चलाच जाणार आहे."

फेब्रुवारीत ती गेली. तिच्या अंत्यविधीला मालक धर्म सोडल्यानंतर पहिल्यांदाच चर्चच्या आत आले आणि शेवटच्या बाकावर बसले. मी शेजारी होते. मला फार वाईट वाटलं.

परवाच्या डिसेंबरात पुन्हा आग पेटली. लाकडं तिने दाखवली तशीच रचलेली. मालकांनी पुस्तक आणलंच नव्हतं. त्यांनी पावाचा तुकडा मोडला आणि आगीत टाकला. हायडेलबर्गहून नव्याने आलेल्या एका विद्यार्थिनीने उत्सुकतेने विचारलं, "हे कोणत्या पुस्तकात आहे?"

मालकांनी एक लाकूड आगीत आत सरकवलं. मग म्हणाले, "आमच्याकडे असंच करतात."

आणि ते लाल नळकांडं तपासायला गेले. ते त्यांनी नुकतंच तपासलं होतं, पण आम्ही कुणी तसं म्हणालो नाही.