इंदुताईंची पिठगिरणी

इंदुताईंचा स्वभाव जळका, असं त्यांची सासू म्हणायची, जाऊ म्हणायची, आणि त्याही कधी नाही म्हणाल्या नाहीत. जावेच्या वांग्यांना आधी फूल धरलं तरी त्यांचा दिवस वाईट जायचा. पण लग्न होऊन वणी रोडवरच्या या गावात आल्यापासून त्यांनी मनात जपून ठेवलेला हेवा एकच, तुळसाबाईंचा.

इंदुताई गावाच्या वरच्या पुऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या; तुळसाबाई खालच्या बौद्धपुऱ्यातल्या. दोघी एकाच वर्षी सुना म्हणून आलेल्या. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक घाटायला एकमेकींच्या अंगणात जायच्या. तुळसाबाईंची कुरडई तेलात पडली की अशी फुलायची, की इंदुताई ती खाऊन "बरी झाली" एवढंच म्हणायच्या. तरी त्या जळण्यात विष नव्हतं. उलट त्यामुळेच जाणं-येणं टिकलं होतं.

मग निवडणूक जवळ आली आणि गावचे पुढारी बादलभाऊ यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. भाऊ दोन्ही पुऱ्यांत जायचे, पण कधी एका दिवशी नाही. वरच्या पुऱ्यात आले की इंदुताईंच्या ओसरीवर बसायचे, चहा मागून घ्यायचे आणि आवाज खाली आणून सांगायचे, "काकू, खाली शिलाई मशीन द्या लागली. वरून दबाव हाये. पण जीव माहा तुमच्यासाठीच तुटते."

इंदुताईंच्या फोनवर फोटो आलाच होता. नवी काळी मशीन, आणि तिच्यावर हात ठेवून उभ्या तुळसाबाई. तो फोटो त्या दिवसातून कितीदा उघडून बघत, त्यांचं त्यांनाच ठाऊक.

पुढच्याच आठवड्यात वरच्या पुऱ्याच्या महिला मंडळाला पिठगिरणी आली. इंदुताईंच्या ओसरीवर ठेवली, हळद-कुंकू वाहिलं, फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी भाऊंचा माणूस नागोराव टेम्पो घेऊन आला. मोटर तपासायची म्हणाला आणि गिरणी घेऊन गेला. ती गेली ती गेलीच.

इंदुताईंनी पुऱ्यातल्या बायांना तंबी दिली, खाली कोणाला कळता कामा नये. आपला फोटो तुळसाबाईंनी पाहिला असणार, आता ती जळत असणार, या विचाराने त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा गाढ झोप लागत होती. त्या उन्हाळ्यात कुरडया दोघींनी आपापल्या घरी केल्या.

दिवाळीनंतर ग्रामसभा लागली. भाऊंचा निरोप फोनवर आला, सगळी घरकुलं खालच्या पुऱ्याला द्यायचा ठराव आहे. तुम्ही गेला नाहीत तर कोरम भरणार नाही आणि ठराव पडेल. वरच्या पुऱ्यातली एकही बाई गेली नाही. इंदुताईंनी गच्चीवरून पाहिलं, खालच्याही आल्या नव्हत्या. त्यांना नवल वाटलं, पण मन म्हणालं, त्यांचं काम आधीच झालं असेल, त्यांना कशाला यायला हवं? सभा तहकूब झाली.

तहकूब सभेच्या आदल्या दिवशी त्या कापूस वेचायला वावरात गेल्या. त्यांच्या धुऱ्याला, शेताच्या बांधाला लागून गावची गुरं चरायची सरकारी जमीन, ई-क्लास. तिथे चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढलेल्या. मोजणीची फीत गुंडाळणारा माणूस सहज बोलून गेला, इथं दगड फोडून गिट्टी करायचं क्रशर येणार आहे. ठराव उद्या होतोय, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. भाऊंची चार माणसं बसली तरी झालं.

इंदुताईंनी फुटलेल्या बोंडांकडे पाहिलं. यावर रोज दगडाची भुकटी बसली तर कापूस कोण घेणार? पण तेवढ्यातही डोळ्यांपुढे आली ती काळी मशीन. वेचणीची ओटी तशीच कमरेला घेऊन त्या थेट बौद्धपुऱ्यात गेल्या.

"एका मशिनीपायी गाव इकलं तुम्ही," त्या दारातूनच म्हणाल्या.

तुळसाबाई तूर पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. "अन् तू गिरणीपायी. ई-क्लासवर तुमच्या देवळाचा मंडप बांधून राह्यले म्हने. भाऊनं सांगतलं, तुम्ही नाई गेल्या त ठराव पडन, म्हणून गेलो नाई आम्ही सभेले."

"कायचा मंडप? क्रशर येऊन राह्यलं तिथं. आम्हाले तर सांगतलं, घरकुलं सारी तुम्हाले."

सूप थांबलं. मग तुळसाबाई उठल्या. "ये अंदर. मशीन पाह्यली नसन तू."

खोलीच्या कोपऱ्यात गोधड्यांची चळत होती. दुसरं काही नव्हतं.

"फोटो काढला अन् संध्याकाळी नेली. ऑइल टाकाचं म्हने. तुले कळू नये म्हणून पुऱ्यातल्या पोरींले गप बसवलं मी."

इंदुताईंना राग यायला हवा होता तो भाऊंचा. आला तो तुळसाबाईंचा. हेही हिनेच आधी बोलून टाकलं, आणि किती सहज! आता आपण बोललो तरी दुसऱ्याच ठरणार.

"माहीबी नेली," त्या पुटपुटल्या.

"काय?" तुळसाबाईंना नीट ऐकू आलं होतं.

"गिरणी. माहीबी नेली."

तुळसाबाई पोट धरून हसल्या. इंदुताईंना ते फार झोंबलं. हसून झाल्यावर तुळसाबाई म्हणाल्या, "चाल, तुह्या पुऱ्यात सांगू. मंग माह्या."

"माह्या पुऱ्यात मी सांगन. तू मांगून ये."

आणि त्या चढावर इंदुताई अशा भरभर चालल्या, की तुळसाबाईंना धाप लागली.

दुसऱ्या दिवशी पंचायतीपुढे सतरंजी पुरली नाही. बाया धुळीतच बसल्या, वरच्या खालच्यांच्या मांडीला मांडी लावून. क्रशर कोणाला नको, असं विचारलं तेव्हा दोन्ही पुऱ्यांचे हात वर गेले, आणि नागोराव बाहेर जाऊन फोन लावू लागला.

तुळसाबाईंचा हात सगळ्यांच्या आधी गेला होता. इंदुताईंनी ते पाहिलं, आणि आपला हात अजून वर ताणला.