सावंतवहिनींची वाटी

कम्युनिटीतल्या मंडळींनो, आत्ताच घडलंय म्हणून लिहितेय.

ह्यांना नोकरी लागल्याचं कळताच समोरच्या सावंतवहिनी वाटीभर शिरा घेऊन दारात उभ्या. ह्यांची कंपनी बंद पडल्यापासून मजल्यावरच्या वाट्या आमचंच दार सोडून फिरत होत्या. गणपतीचे मोदकसुद्धा पुढच्या दारी गेले.

"वाईट दिवस खूप शिकवून जातात, नाही?" वहिनी हसून म्हणाल्या.

"हो ना," मी म्हटलं.

शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, असं आई सांगायची. मी शिरा काढून घेतला, वाटी घासली आणि रिकामीच त्यांच्या हातात दिली.

चुकलं का माझं?

आणि हो, घरात साखर होती.