माळ्यावरची मुलगी

आमची पहिली मुलगी जन्मली तीच श्वास न घेता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जळगावात पिंप्राळ्याला आम्ही दोन खोल्यांत राहायचो आणि मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. दवाखान्यातून घरी आल्यावर बायको बोलायचीच थांबली. स्वयंपाक करायची, संध्याकाळी बुद्धवंदनेला माझ्या शेजारी बसायची, ओठ हलायचे, आवाज नाही. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. सासूबाई धुळ्याहून येऊन महिनाभर राहिल्या. सगळं करून पाहून थकल्यावर जाताना म्हणाल्या, "बठ्ठं करी दखं, जावईबापू. आते मना हातमां काही नही."

त्या काळात मी कथा लिहायचो. छापून आल्या होत्या दोनच. घरातली ती शांतता सोसवेना म्हणून सकाळी ऑफिसच्या आधी लिहायला बसू लागलो. कथेत एक जोडपं होतं आणि त्यांच्या माळ्यावर राहणारी सहा वर्षांची मुलगी. दुपारी ती खाली उतरते, डब्यातले शेंगदाणे खाते, पुन्हा वर जाते. एवढं लिहिलं आणि घाबरलो. आमच्या घरात भुताखेतांना थारा नव्हता. सासरे धुळ्यात देवपूरला मास्तर. अंगारेधुपाऱ्यांविरुद्ध बोलण्यात त्यांचा जन्म गेलेला. मी घाईघाईनं दीड पान खुलासा जोडला: ही मुलगी खरी नाही, दुःखी आईला भास होतात, मेंदूत असं असं घडतं.

एका रविवारी आंघोळ करून आलो तर बायको तेच कागद वाचत बसलेली. ओढून घ्यायला गेलो, पण तिनं सोडले नाहीत. शेवटच्या दीड पानावर बोट ठेवून ती म्हणाली, "हे खोडा."

अकरा आठवड्यांनी तिचा आवाज ऐकत होतो. घोगरा झाला होता. मी चाचरत म्हणालो की ही मुलगी आली कुठून, ते वाचणाऱ्याला कळायला नको का?

"ती आहे ना तिथं? मग ती काय करते ते लिहा."

मी खोडलं. दुसऱ्या दिवशी दोन पानं नवी लिहिली. ती वाचून बायकोनं भात थोडा जास्त घेतला. मग रोजच पानं मागू लागली. मुलगी शिडीनं उतरते की उडी मारते, तिचे केस कोण विंचरतं, असं विचारायची. कुठून आली, हे एकदाही नाही. मला मात्र एकच प्रश्न पडायचा. मी हिला बरं करत होतो की वेड लावत होतो? ऑफिसात फायलींना टाचण्या लावतानाही तेच डोक्यात. विचारायचं कुणाला?

एकदा आमच्या दोन ताटांशेजारी शेंगदाण्यांची वेगळी वाटी मांडलेली दिसली. त्या दिवशी सासऱ्यांना पत्र लिहून सगळं कळवून टाकलं. ते मिळेल त्या एसटीनं आले. पानं वाचली. "तुम्ही शिकलेले आहात," एवढंच मला म्हणाले आणि तिला देवपूरला घेऊन गेले.

मी लिहीत राहिलो, पानं पोस्टानं पाठवत राहिलो. सासरे ती तिला देतात की चुलीत घालतात, कळायला मार्ग नव्हता. दीड महिना उत्तर नाही. डिसेंबरात पोस्टकार्ड आलं. अक्षर सासऱ्यांचं. 'इकडे थंडी वाढली आहे. मुलीच्या अंगात स्वेटर लिहावा.' बाकी काही नाही. मी कार्ड हातात धरून बाजेवर बसलो आणि मोठ्यानं रडलो.

जानेवारीत बायको परत आली. बोलायची, कमी बोलायची. मी कथा एका मासिकाला पाठवली. ती साभार परत आली. मुलीचा उलगडा होत नाही, अशी सोबत चिठ्ठी. बायकोनं चिठ्ठी वाचली, बाजूला ठेवली आणि पुढचं कधी लिहिणार, असं विचारलं. मला पुढचं काहीच सुचत नव्हतं. तसं तिला सांगायची हिंमत झाली नाही.