डावखुऱ्या टाक्याचं खोगीर

महाराष्ट्र राज्य होऊन तीनेक वर्षं झाली होती. आमची कंपनी उत्तरेच्या सरहद्दीवर होती. पोस्टवर बारा घोडी, खोगिरं मात्र इंग्रजांच्या वेळची. मी हवालदार, धाडचा. लान्स नाईक श्रीपत सोनाळ्याचा. आपल्या जिल्ह्याचा म्हणून त्याच्या खोगिराला मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. तो हसायचा, "हवालदारसाब, नवरदेवाची घोडी सजवून राह्यले का?"

त्या दिवशी सकाळी सहा चाळीसला गस्त निघाली. चढावर श्रीपतच्या खोगिराचा तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालचा पट्टा, शिवणीतच उसवला. खोगिरासकट तो दरीत गेला. मी वायरलेसवर बोललो, "एक जवान दरीत. घोडा वर आहे. ओव्हर." दुपारी दोनला त्याला वर आणलं. तो गेलेला होता.

इन्क्वायरीत 'जुनं सामान' एवढंच लिहिलं. माझं टाळकंच सरकलं. श्रीपतच्या बायकोला, शांतावहिनींना, मी पत्रात लिहिलं: ज्यानं हे खोगीर शिवलं त्याला मी हुडकून काढीन. कंडम ठरलेलं खोगीर साहेबांकडून मागून घेतलं. खोगिरं दुरुस्त करणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या सॅडलरनं टाके बघितले. ते उलट्या बाजूला कललेले होते. तो म्हणाला, "डावखुऱ्याचा हात आहे. गफूर, जळगाव जामोदचा. पलटणीतला माझा उस्ताद."

पुढच्या रजेत आगगाडी, मग एसटी करत थेट जळगाव जामोद गाठलं. गफूरचाचा दारात बसले होते. मी खोगीर त्यांच्यापुढं आपटलं.

"चाचा, तुमच्या शिवणीनं माझा माणूस मेला."

त्यांनी खोगिराचा वास घेतला. शिवणीतला दोरा चिमटीत धरला, त्याचा भुगा झाला.

"एवढं तेल कोनं लावलं बे?"

"मी. रोज. घरून करडीचं मागवत होतो." आमच्याकडे विहिरीचं पाणी ओढायच्या मोटेच्या चामड्याला असंच चोळतात.

"मोट पान्यात राह्यते, बापा. तिचं तेल धुऊन जाते. इथं थे शिवणीत मुरलं न् सूत सडलं. चामडं पाह्य, अजून शाबूत हाय."

सहा महिने या माणसाला शिव्या घातल्या होत्या. माफीही न मागता खोगीर उचललं.

तिथून सोनाळ्याला गेलो. वहिनींनी दारातच विचारलं, "सापडला का थो, भाऊ?"

"हाव, वहिनी. थो मीच."

सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "थे तं दर पत्रात लिहत, 'हवालदारसाब माह्या खोगिराले सोताच्या हातानं तेल लावते. तू काही घोर करू नको.'"