पेन न उचलता

आमच्या नदीकाठच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती, म्हणून पाचवीला मला पवनीला मावशीकडे ठेवलं. मावशी मायाळू होती, पण तिच्या घरात माझ्या वयाचं कोणी नव्हतं. शाळेतही मुलींच्या जोड्या आधीच जमलेल्या होत्या. मी मागच्या बाकावर एकटीच बसायची.

इंग्रजी तेव्हा पाचवीपासून सुरू व्हायचं. पवनीच्या बऱ्याच मुलींनी उन्हाळ्यातच घरी अक्षरं गिरवून घेतली होती, तीही कर्सिव्हची. एकाला एक जोडलेल्या त्या ओळीत कोणतं अक्षर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हेच मला कळत नसे.

इंग्रजी शिकवायला नागपूरकडच्या एक बाई नव्याने बदलून आल्या होत्या. शाळेजवळच खोली करून एकट्याच राहत. त्यांनी माझी वही पाहिली, रागावल्या मात्र नाहीत. मधल्या सुट्टीत वर्गातच थांब, एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून बाहेर मुली लंगडी खेळत आणि आत बाई डबा खात, मी चार रेघी वहीत गिरवत बसे. आधी नुसत्या तिरप्या रेघा, मग गोळे, मग अक्षरं. ‘एल’चा फास वरच्या रेघेला टेकवायचा, ‘जी’चं शेपूट खालच्या रेघेपर्यंत न्यायचं. मराठीत आपण अक्षर काढून वर रेघ ओढतो, त्या सवयीने माझा हात सारखा उचलला जाई.

“हात काहून उचलून राहिली?” बाई म्हणायच्या. “शब्द सरेपर्यंत पेन उचलाचा नाही.”

बाकी त्या फार बोलत नसत. इतर मास्तर-बाई शिक्षकांच्या खोलीत एकत्र बसून डबा खात. आमच्या बाई का जात नाहीत, हे मी कधी विचारलं नाही. एकदा मात्र डबा धुऊन आल्यावर, खिडकीकडे पाहतच त्या म्हणाल्या, “तू बसते म्हणून माझीही सुट्टी बरी जाते.” मोठ्या माणसालाही सुट्टी घालवावी लागते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दिवाळीपर्यंत मला माझं पूर्ण नाव लिहिता येऊ लागलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. प्रत्येक शब्द एका दमात. सुट्टीत घरी गेले तर अंगणात, भिंतीवर, धानाच्या कोठीवर कोळशाने तेच लिहीत सुटले. बाईंना दाखवायचं म्हणून एक पान मुद्दाम नीट लिहून ठेवलं होतं. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा बाईंची बदली झाली होती. कुठे, ते कोणाला नीट सांगता आलं नाही. त्यांच्या जागी आलेल्या सरांनी कर्सिव्ह बंदच केलं. वाचायला त्रास होतो, सुटी अक्षरं लिहा, म्हणाले. मीही सुटी लिहू लागले. फक्त नाव तेवढं जोडून लिहीत राहिले, आणि पुढे तीच माझी सही झाली.

त्या सहीने मी आरोग्य केंद्रातली नोकरी केली, निवृत्त झाले. गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा मोबदल्याच्या कागदांसाठी मी आईबरोबर कचेरीत गेले होते. आईला लिहिता येत नव्हतं. तिथल्या माणसाने कागद पुढे सरकवत तिचा अंगठा स्वतःच धरला, शाईत बुडवला आणि जागा दाखवून दाबला. बाहेर आल्यावर आई पदराने अंगठा पुसत राहिली, शाई निघून गेल्यावरही.

आता मी पुनर्वसनाच्या नव्या गावात राहते. रस्ते रुंद आहेत, घरं एकमेकांपासून लांब. नवरा वारला, मुलगा पुण्याला. मागच्या पावसाळ्यात नळाजवळ शेवाळावरून घसरून माझं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं आखडलेली होती. तशीच पैसे काढायला पवनीला बँकेत गेले. काउंटरवरच्या पोराने माझी सही स्क्रीनवरच्या सहीशी पडताळली, पुन्हा करायला लावली, मग मान हलवली.

“काकू, जुळत नाहीये. अंगठा देऊन टाका, लगेच होईल.”

तो चांगल्या मनानेच म्हणाला होता. त्याने शाईची डबीसुद्धा उघडून पुढे केली.

“मले सही येते,” मी म्हटलं. “हात बरा झाला का येईन.”

बँकेतून निघाले ती सरळ पुस्तकांच्या दुकानात गेले आणि इंग्रजीची चार रेघी वही मागितली.

“कोनत्या वर्गाले पायजे?” दुकानदाराने विचारलं.

“पाचवीले,” मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

रोज सकाळी चहा झाला की मी वही घेऊन बसायची. तिरप्या रेघा, गोळे, फास. मनगट दुखायचं, ओळ खाली घसरायची. शेजारीण एकदा डोकावली आणि कोणासाठी लिहिते म्हणून विचारून गेली. हाताचा व्यायाम आहे, असं सांगितलं. तेही खोटं नव्हतं.

नात पुण्याला सातवीत आहे. व्हिडिओ कॉलवर मी तिला एक पान दाखवलं. तिने फोन जवळ घेऊन पाहिलं.

“आजी, मला हे वाचता येत नाही,” ती म्हणाली. “आम्हाला कर्सिव्ह नाही शिकवलं.”

त्यावर तुझंच नाव लिहिलं आहे, असं मी सांगितलं. तिने पुन्हा पाहिलं आणि छान आहे म्हणाली. मग विचारलं, “पण याचा उपयोग काय?” हिणवून नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून. ती शाळेचे प्रकल्पही फोनवर लिहिते, आणि माझ्यापेक्षा भराभर लिहिते. हे अक्षर आलं नाही म्हणून तिचं काही अडणार नाही. माझंही एका अंगठ्यावर भागलंच असतं. तरी लिहीत असताना माझी सकाळ जाते, आणि शब्द संपेपर्यंत घर रिकामं आहे हे आठवत नाही. नातीला हे कसं सांगायचं? तिला क्लासला जायचं होतं, तिने फोन ठेवला.

दिवाळीच्या सुमाराला पुन्हा बँकेत गेले. सही केली. पोराने पडताळली, साहेबांना नेऊन दाखवली. जुन्या सहीशी ती तेव्हाही जुळली नाही. शेवटी त्यांनी नवा नमुना घ्यायचं ठरवलं. मी सही करत असताना मागे रांग वाढत होती, पण कोणी घाई केली नाही.

“आता हीच तुमची सही,” साहेब म्हणाले.

बस मिळायला वेळ होता. स्टँडवर बसून मी मुलाला फोन लावला आणि काम झाल्याचं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“आई, अंगठा दिला असतास तर एवढ्या चकरा वाचल्या असत्या.”

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी हो म्हटलं, आणि तिकडे थंडी पडली का ते विचारलं.