अर्ध्यावर अडकलेला काटा

माझ्या धाकट्या जावेच्या वडिलांइतकी, म्हणजे आबांइतकी, काळजी करणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून दुसरा झाला नसेल. लोक स्वतःपुरती काळजी करतात, फार तर घरच्यांची. आबांना तेवढ्यावर भागत नसे. ते लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी मांडवाचे खांब हलवून पाहायचे. कुणाकडे चहाला बसले की स्टोव्हचा वायसर कधी बदलला ते विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत कपाला हात लावायचे नाहीत. परक्या गावातून जाताना एखादं पोर खोकलं तरी जीप थांबवून त्याच्या आईला हाका मारायचे. माझ्या शाळेत पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी ना मुली पाहिल्या ना वर्ग. घंटेखाली उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, हिची दोरी कवा बदलली? खालनं पोरी जात्यात." पुढे जेव्हा जेव्हा आले तेव्हा तेव्हा हेच विचारलं. शेवटी वैतागून मी दोरी बदलली. जुनी आतून निम्मी कुजलेली निघाली. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शाळेची कौलंसुद्धा त्यांनी एकेक करून तपासली असती.

मी त्या वेळी माण तालुक्यातल्या एका खेड्यात मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होते. आबा शेजारच्या वाडीत राहायचे. फौजेत मोटार हवालदार म्हणून नोकरी झालेली, आणि पेन्शनीत आल्यावर फौजेच्या लिलावातली एक जुनी जीप घेतलेली. तिचं स्टिअरिंग डाव्या हाताला होतं आणि पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. म्हणजे काळजी करणाऱ्या माणसाला देवाने नेमकं पेट्रोलवर बसवलं होतं. जीपचा पेट्रोलचा काटा कित्येक वर्षं मेलेला होता. आबा दर तीन मैलांनी गाडी थांबवायचे, खाली उतरायचे, सीट उचलायचे, टाकीत खुणा केलेली बांबूची काठी बुडवायचे, ओली किती झाली ते उन्हात धरून पाहायचे, वाळून फसवते की काय म्हणून पुन्हा एकदा बुडवायचे. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही हा त्यांचा नियम. उरलेलं अर्धं कशाला असतं, असं मी एकदा विचारलं होतं. "ते हाय म्हणून झोप लागती," म्हणाले. झोप तरी कुठे लागत होती!

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या शाळेतल्या सात मुली पहिल्यांदाच मॅट्रिकला बसल्या. केंद्र दहिवडीला, आमच्यापासून बारा मैलांवर. पेपर अकराला सुरू, आणि सकाळची एसटी पोचायची पावणेबाराला. दहिवडीत मुक्काम करायला सातही घरांतून नकार आला. लेकी दिवेलागणीला घरात पाहिजेत. बाप म्हणाले, एकच वर्ष, एकच परीक्षा. पास झाली तर पुढचं बघू, नाहीतर स्थळं आलेलीच आहेत. शालन नावाची माझी एक हुशार मुलगी होती, तिच्या मेंढरंवाल्या बापाने तर पाहुण्यांना "परीक्षा झाली की कळवतो" असा निरोपही धाडलेला. उरली आबांची जीप. आबांच्या हाती लेक द्यायला मात्र एकाही बापाने कां कूं केलं नाही. एवढी काळजी करणाऱ्या माणसाकडे काळजीचं कारणच काय, असा त्यांचा हिशेब.

मला मात्र त्या काठीची धास्ती होती. बारा मैलांत चार वेळा सीट उचलायची म्हणजे मुलींनी पेपर लिहायचा केव्हा? मी आबांना स्पष्ट सांगितलं, "एकदाचा तो काटा दुरुस्त करा आणि ती काठी चुलीत घाला." आज लिहिताना हे वाक्य टाळता आलं असतं, पण बोलले मीच.

आबांनी दुरुस्ती मनावर घेतली. टाकीत एक पितळी डबी तरंगत असते, पेट्रोल उतरलं की ती खाली जाते आणि तिच्या दांडीमुळे समोरचा काटा हलतो. याला ते फ्लोट म्हणायचे. त्यांच्या जीपचा फ्लोट भोक पडून बुडालेला होता. ते सांगलीला जाऊन एका मोडीवाल्याकडून दुसरा घेऊन आले आणि रविवारी काम काढलं. त्या दिवशी वाडीत स्वयंपाक झाला नाही. पन्नास पावलांच्या आतल्या सगळ्या चुली त्यांनी पाणी मारून विझवायला लावल्या, बिड्या जमा केल्या, बॅटरीची तार सोडवली, तरी एका म्हातारीला विचारलं, "म्हातारे, तुझी मिशेरी भाजून झाली न्हवं?" लोकांनी शिळी भाकरी खात पारावर बसून तो सोहळा पाहिला.

फ्लोट पाच स्क्रूंनी टाकीच्या वरच्या अंगाला बसतो. त्या पाच भोकांची रचना मुद्दाम वेडीवाकडी ठेवलेली असते, म्हणजे वस्तू एकाच बाजूने बसावी. सांगलीचा फ्लोट दुसऱ्याच कुठल्या गाडीचा होता, त्याची भोकं जुळेनात. आबांनी कानस घेऊन दुपारपर्यंत भोकं रुंद केली, जुन्या चपलेच्या चामड्याची चकती कापून खाली घातली, आणि बसवला. पेट्रोल भरलं. काटा थरथरत वर गेला आणि पूर्ण भरल्याच्या खुणेवर उभा राहिला. मग अर्ध्यापर्यंत काटा उतरतो का ते पाहायला त्यांनी दुसऱ्या दिवशी दिवसभर गाडी फिरवली. बरोबर उतरला. अर्ध्याखाली त्यांनी पाहिलंच नाही, कारण अर्ध्याखाली जायचंच नाही हा आयुष्यभराचा नियम. टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरली. माझ्या समोर काठी मोडली, चुलीत घातली आणि एवढं मोकळं हसले की मला जरा बरं वाटलं. आपण एका माणसाचं ओझं उतरवलं, असं वाटलं.

परीक्षा सुरू झाली. आबा चार दिवसांत दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखे दिसायला लागले. पूल आला तरी वेग कमी करत नव्हते. चौथ्या दिवशी काटा अर्ध्यावर आला. अर्ध्याच्या खाली झुकला की लगेच भरायचं, असं ठरलेलं. तो झुकेना. पाचव्या दिवशी अर्ध्यावर, सहाव्या दिवशी अर्ध्यावर. आबा खुशीत. "बाई, नवा फ्लोट बसवल्यापासनं गाडी प्यायचीच कमी झाली बगा. लय गुणाचा हाय." मी भूगोल शिकवणारी, यंत्रातलं मला काही कळत नव्हतं. पण काटा खाली जात नाही म्हणजे पेट्रोल खर्चच होत नाही, हे मलाही पटत नव्हतं, आणि तरी मी गप्प राहिले. उलट, थांबे वाचले म्हणून निघायची वेळ साडेआठवरून पावणेदहावर आणली. मुलींना तासभर जास्त अभ्यास मिळेल, असा माझा हुशारीचा विचार.

गणिताच्या दिवशी दहिवडी चार मैल राहिली असताना जीप दोनदा उचकली आणि माळावर उभी राहिली. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मागे सात मुली प्रमेयं पुटपुटत होत्या, त्यांनी एकदम पुढे माना काढल्या.

"आबा, पेट्रोल संपलं," मी म्हणाले.

"आवं बाई, काटा बगा की! अर्धी टाकी हाय."

त्यांनी प्लग काढून पुसले. कार्बुरेटर फुंकला. तारा ओढून पाहिल्या. मी घड्याळ पाहत होते. शालन मागून म्हणाली, "आबा, शीट उचला की." आबांना राग आला. "तू तुजं गणित बग. फौजेत बावीस वर्सं गाडी हाकली, कवा बी पेट्रोलवाचून थांबलो न्हाई." कॅन जवळ नव्हताच. मुली मागे असताना पेट्रोलचा कॅन म्हणजे बॉम्ब, म्हणून त्यांनीच तो घरी ठेवला होता. शेवटी मी उतरले, त्यांना बाजूला केलं आणि सीट उचलली. टाकीच्या तोंडातून आत पाहिलं. तळाचा पत्रा चकचकत होता. फ्लोटची दांडी वाकड्या दिशेने बसलेली, त्यामुळे डबी, पेट्रोल हिंदकळू नये म्हणून टाकीच्या आत जो पत्र्याचा पडदा असतो, त्याच्या कडेवर जाऊन बसली होती. अर्ध्यापर्यंत खाली यायची आणि तिथेच विसावायची. तिच्याखालून पेट्रोल चार दिवस निघून जात होतं.

आबांनी वाकून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना, म्हणून मी घड्याळाकडे पाहिलं. दहा पंचवीस. साडेअकरानंतर वर्गात घेत नाहीत. रस्त्यावर समोरून आलेली एक रिकामी बैलगाडी सोडली तर चिटपाखरू नव्हतं, आणि तीही उलट दिशेला चाललेली.

"चालायचं," मी म्हणाले.

तेवढ्यात आबा ताठ झाले. "चालायचं न्हाई. मार्च करायचा. दोन-दोनच्या रांगंत या. बाई, तुमी मागं." त्यांनी सात जणींच्या पाण्याच्या बाटल्या स्वतःच्या गळ्यात अडकवल्या आणि पुढे निघाले. बासष्ट वर्षांचा माणूस, आणि माझा दम त्यांच्या मागे चालून गेला. चालता चालता तोंड सुरूच, पण आता मागे वळून एकेकीसाठी: कंपास हाय न्हवं? पदर डोक्यावर घे, ऊन लागंल. पानी घोटभरच पी, पोटात दुखंल. मुली मागून खुसखुसायला लागल्या. एक म्हणाली, "आबा, लेफ्ट-राईट म्हना की!" तर ते खरंच म्हणायला लागले. दुसऱ्या मैलावर शालनच्या चपलेचा अंगठा तुटला. आबांनी आपला जोडा पुढे केला, पण तो तिच्या पायात दोन वेळा फिरत होता. ती अनवाणीच चालली, मार्च महिन्यातल्या तापलेल्या डांबरावर. तिने तक्रार केली नाही. मला आठवतं, ती चालताना वर्गसमीकरणाचं सूत्र म्हणत होती आणि पाय पोळला की सूत्र मधेच तुटायचं.

अकरा बावीसला आम्ही केंद्रात शिरलो. सातही जणींना आत घेतलं. आबा फाटकाजवळ बसून राहिले. मी म्हटलं, पंपावर जाऊन पेट्रोल आणू या. ते म्हणाले, "पोरी भायेर येऊ द्या." त्यांना बोलतं करावं म्हणून मीच विचारलं, या फाटकाची बिजागरी सैल वाटते का हो? त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. पेपरचे ते तीन तास मला चार मैलांपेक्षा लांब वाटले.

निकालात सहा जणी पास झाल्या. शालन गणितात थोडक्या गुणांनी राहिली.

मी तिच्या बापाला भेटायला गेले. माझ्या पद्धतीने, मुद्देसूद. ऑक्टोबरला फक्त गणित द्यायचं, बाकी विषय सुटलेत. तो म्हणाला, "बाई, एकच परीक्षा ठरली हुती. झाली. आता पावण्यांना कळवतो." मुद्द्यांनी काम झालं नाही. मी परतले.

दुसऱ्या दिवशी आबा त्याच्या ओट्यावर जाऊन बसले. ते ऑक्टोबरचं बोललेच नाहीत, नुसती काळजी करत बसले. ही भिंत जरा कललीय का? मेंढरांच्या वाड्याला काट्या पातळ झाल्यात, लांडगा शिरंल. पाहुण्यांच्या घरावर पत्रा आहे म्हणतात, वारं सुटल्यावर? नवरामुलगा खोकतो का कुणी नीट ऐकलंय का? जेवायला घरी जायचे आणि परत येऊन बसायचे. मधूनच म्हणायचे, "उद्या सासरी पानी भरताना पोरगी मनात म्हनंल, आबा, तुमच्या टाकीत पेट्रोल का न्हवतं? तवा म्या काय सांगू, तेवढं तू मला सांग गड्या."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो बाप शाळेत आला. "बाई, त्या म्हाताऱ्याला आधी घरला न्या. माजी मेंढरं बी आता चरताना मागं बगाय लागल्यात. द्या म्हनावं ऑक्टोबरची परीक्षा."

ऑक्टोबरला आबांनी एकट्या शालनला दहिवडीला नेलं. मी नव्हते. शाळा चालू होती. पेपर कसा गेला हे तिने सांगितलं, आबांनी नाही. त्यानंतर ते जीपमध्ये कमीच बसले आणि शाळेकडे फिरकलेही नाहीत.

निकालाचा कागद दुपारच्या टपालाने आला. पास. मी शाळा सोडून भर उन्हात वाडीवर गेले, तेही चालत. आबा अंगणात बाजेवर झोपले होते. दिवसा झोपलेले मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. माझी जाऊ माहेरी आली होती, ती हळूच म्हणाली, "रात्रभर जागे होते. आत्ताच डोळा लागला. उठवू?"

मी नको म्हणाले. शाळेत तपासायच्या वह्यांचा गठ्ठा पडला होता, दोन वर्ग मोकळे होते, आणि मी फुकट वेळ घालवणारी बाई नाही. तरी बाजेशेजारी खालीच बसले. त्यांच्या कपाळावरच्या दोन उभ्या आठ्या झोपेतही पुरत्या गेल्या नव्हत्या, पण सैल पडल्या होत्या. त्यानंतर दोन वर्षांनी आबा गेले. शालन सांगलीच्या दवाखान्यात नर्स झाली ती त्याच वर्षी. त्यांची आठवण आली की मला ती जीप आठवत नाही. हातात घडी केलेला कागद, अंगणात ऊन, आणि तो जागा होण्याची घाई नसलेला अर्धा तास आठवतो.